तिसरीच्या वर्गाची कडी

नाशिक, २४ जून

यशश्री,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवशील, अशी भीती वाटते आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पोस्टाने लिहिते. तू दिंडोरी तालुक्यात विशेष शिक्षिका म्हणून लागलीस एवढं कळलं होतं, तेव्हा तिथल्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवते आहे.

माझी बातमी तुला कळली असेल. मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि आप्पांनी मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं. प्रभारी मुख्याध्यापिका, एका वर्षासाठी. "काम बघू, मग कायमचं बघू," असं हिरामण आप्पा म्हणाले. संस्थेच्या सचिवांच्या तोंडी 'बघू' आलं की आपण सगळ्या कशा गप्प व्हायचो, ते तू विसरली नसशील. विशेष मुलांना शिकवायची जिन्याखालची तुझी खोली त्यांनी संगणकांसाठी काढून घेतली, तेव्हा तू एकटी उभी राहून बोललीस आणि मी टेबलाकडे बघत बसले. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. आज कारण वेगळं आहे.

तिसरीत ओवी नावाची मुलगी आली आहे. स्वमग्न आहे. बोलते थोडं, बहुतेक वेळा आपलंच वाक्य परत म्हणते. वाचते मात्र झरझर. तिची आई उज्वला औषधांच्या दुकानात काम करते, तिथे बसून बसून ओवीला बाटल्यांवरची नावं ओळीने पाठ झाली आहेत. मोठा आवाज झाला की कान दाबते आणि वाट दिसेल तिकडे पळत सुटते.

उज्वलाताई पहिल्याच दिवशी माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "मॅडम, ही पळते. मी काही लपवत नाही. तिच्याबरोबर एक बाई द्या आणि शिकवायला कुणी जाणकार द्या. तेवढा तिचा हक्क आहे ना?"

मी म्हणाले, "हो, बघू."

शाळेच्या मागे पाट आहे आणि कोपऱ्यातली भिंत पडकी आहे, हे तुला सांगायला नको. त्या दिवसापासून मी खिडकीत उभी राहिले की आधी तो कोपरा बघते. काय करायचं तेवढं कळव.

स्नेहल


नाशिक, १९ जुलै

यशश्री,

तुझं कार्ड मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही, पण अक्षर तुझंच. "दारापासून लांब बसवा. घंटा होण्याआधी तिला सांगा. तिच्यासाठी एक बाई नेमा, आजच. विशेष शिक्षिका शिक्षण खात्याकडे मागा. ती मागावी लागते, आपोआप येत नाही."

पहिल्या दोन गोष्टी लगेच केल्या. वर्गशिक्षिका सुधाबाई आहेत, त्यांनी ओवीला भिंतीशी जागा दिली. घंटा व्हायची असली की त्या तिच्यासमोर हात वर करतात आणि ती आधीच कान झाकून बसते. बाकीच्या मुलांनाही ते आवडलं आहे, सगळा वर्ग कान झाकतो.

उरलेलं घेऊन आप्पांकडे गेले. शेखर सरही तिथेच होते, दहावीच्या निकालाचा फलक रंगवून आणायचा होता म्हणून. आप्पांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं. ते शांतपणे ऐकतात तेव्हा माझ्या तळव्यांना घाम येतो.

"बाई, आपण शाळा चालवतो, दवाखाना नाही," ते म्हणाले. "एकीला बाई दिली की उद्या दहा जण दारात उभे राहतील. आणि खात्याला तुम्ही कळवलंत, की आपल्याकडे अशी मुलं आहेत ही बातमी गावभर. मुलीच्या आईला प्रेमाने सांगा, पुढच्या वर्षी दुसरीकडे बघा म्हणावं."

मी म्हणाले, "यंदाचं काय?"

"यंदाचं तुम्ही बघा. त्यासाठीच तुम्हाला बसवलंय."

बाहेर आल्यावर शेखर सर हळूच म्हणाले, "मॅडम, वर्ष काढा. एकदा कायम झालात की काय करायचं ते करा." त्यांचं चूक नाही. ते माझ्या भल्याचंच सांगत होते.

खात्याकडे मागणी अजून केलेली नाही. करणार आहे. थोडं सावकाशीने घेते आहे, इतकंच.

स्नेहल


नाशिक, ३ सप्टेंबर

यशश्री,

तू यावेळी काही लिहिलं नाहीस. तरी मी लिहिते आहे, कारण हे शाळेत कुणाला बोलता येत नाही.

परवा वर्गांवर फेरी मारत होते. तिसरीच्या दाराला बाहेरून कडी होती. आत वर्ग चालू होता, पाढे म्हणण्याचा आवाज येत होता, आणि दाराला बाहेरून कडी. क्षणभर मला वाटलं माझीच काहीतरी चूक होते आहे. मग मी ती काढली. आत सगळी मुलं, आणि सुधाबाई फळ्यापाशी. मला बघून त्यांच्या हातातला खडू पडला.

त्यांना बाहेर बोलावलं. "कडी कोण लावतं?"

"शिपाई लावतो. मीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "मुलं फार बाहेर पळतात, मॅडम."

"मुलं?"

यशश्री, सुधाबाई माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत, मी इथे नवीन लागले तेव्हा त्यांनीच मला हजेरी कशी घ्यायची ते शिकवलं होतं. त्या माझ्यासमोर मान खाली घालून उभ्या होत्या, आणि पदराचं टोक त्यांच्या बोटांत नुसतं फिरत होतं. त्यावेळी मी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. विचारला नाही. उत्तर काय येईल याची मला भीती वाटली. उत्तर कळलं की ते आप्पांना सांगावं लागलं असतं.

मी म्हणाले, "उद्या आग लागली, शॉर्टसर्किट झालं, तर मुलं बाहेर कशी येतील? आजपासून कडी लावायची नाही."

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं. भांडायला नाही, खरंच विचारलं.

"लक्ष ठेवा," मी म्हणाले.

बेचाळीस मुलं आहेत वर्गात. मी केबिनमध्ये येऊन बसले आणि बराच वेळ समोरचं काही वाचता आलं नाही. कडी काढली ते बरोबर केलं ना मी? एवढं तरी सांग.

स्नेहल


नाशिक, २८ नोव्हेंबर

यशश्री,

ओवी जिवंत आहे. आधी हेच लिहिते, पुढचं वाचताना तुला ते माहीत असलेलं बरं.

काल नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन होतं. पटांगणात मांडव, दाराशी ढोल-ताशे, आणि कर्णे थेट तिसरीच्या खिडकीसमोर. ते तिथे लावू नका हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी हारांची ताटं मोजत होते.

पाहुणे खुर्च्यांवर बसले. सुधाबाई मांडवाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. आप्पा माझ्या शेजारी होते म्हणून त्या जवळ येईनात. मी त्यांच्याकडे बघेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. मग मी उठून गेले.

"मॅडम, ओवी," एवढंच म्हणाल्या.

आम्ही स्वच्छतागृहं बघितली, गच्ची, टाकीमागची जागा, संगणकांची खोली. मग सुधाबाईंनी माझा दंड धरला. "पाटाकडे बघा. मागच्या दोन्ही वेळी ती तिकडेच गेली होती."

"दोन्ही वेळी?"

"जुलैत आणि गणपतीच्या आधी. शिपायाने धरून आणली. म्हणून तर कडी लावत होतो."

"मला का नाही सांगितलंत?"

त्या रडत होत्या, पण उत्तर स्पष्ट दिलं. "तुमची भीती वाटते, मॅडम. तुम्ही आप्पांना सांगितलं असतंत आणि माझी नोकरी गेली असती."

मी आप्पांची भीती बाळगून होते, आणि त्या माझी. हे मला तिथे, त्या पडक्या भिंतीपाशी कळलं. पलीकडे पाट भरून चालला होता. सध्या शेतीसाठी पाणी सोडलं आहे, काठाला लागून जातं. काठावर गवतात एक बूट होता. एकच.

उज्वलाताईंना आणि पोलिसांना मी लगेच फोन केला. पोलीस आले. पाटाचं दार बंद करायला पाटकरी मोटरसायकलवर गेला. पण दार बंद केलं तरी पाणी काही लगेच उतरत नाही, आणि तोवर ते तसंच शांतपणे पुढे जात राहतं. दोन माणसं काठ्या घेऊन आत उतरली होती. काठी कशात अडकली की माझे डोळे आपोआप मिटायचे.

उज्वलाताई दुकानातल्या एप्रनवरच आल्या. हवालदाराच्या हातातून बूट घेतला आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला. मग काठाकाठाने चालायला लागल्या आणि मोठ्याने, एका चालीत औषधांची नावं म्हणायला लागल्या. पॅरासिटामॉल, सेट्रीझीन, अमॉक्सिसिलिन. पोलीस एकमेकांकडे बघायला लागले. मला कळलं. ओवी स्वतःच्या नावाला कधीच ओ देत नाही.

मी त्यांच्या मागे चालत होते. शाळा दिसेनाशी झाली, द्राक्षांच्या बागा लागल्या. एका बागेतून एक बाई हात हलवत पळत आली. सिंधुबाई नाव, नवरा केरू, त्यांचीच बाग.

"ताई, ते काय म्हणता ते परत म्हणा," ती म्हणाली. "आमच्या बागंत एक पोर बसलीय. हात लावू देत नाय, लय वरडती. मघापासून ती तेच म्हणतीय."

द्राक्षाच्या मांडवाखाली, अगदी आत, ओवी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. सकाळीच फवारणी झाली होती. तिचे हात फवाऱ्यातल्या विषारी मोरचुदाने निळे झाले होते, ओठांच्या कडाही निळ्या. उज्वलाताई लांबच मातीत बसल्या आणि एक नाव म्हणाल्या. आतून पुढचं नाव आलं. असं करत करत ती बाहेर आली.

रात्रभर तिला दवाखान्यात ठेवलं होतं. आज दुपारी घरी सोडलं.

स्नेहल


नाशिक, ५ डिसेंबर

यशश्री,

तुझा फोन येईल असं वाटलं नव्हतं. एवढ्या वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलशील याचा मी कितीदा विचार केला होता. तू विचारलंस, "मुलीच्या पोटात किती गेलं?" मग विचारलंस, "आईला किती वेळाने कळवलंस?" मी म्हणाले, पत्रात लिहिलंय तसं, लगेच. तू फोन ठेवलास.

ते खोटं होतं. बूट सापडल्यावर मी आधी आप्पांकडे गेले. ते पाहुण्यांना चहा देत होते. बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "पाहुणे निघेपर्यंत बोभाटा नको. पोर कुठंतरी खेळत असेल." आणि मी थांबले. ओला बूट बघून आलेली मी, हातात बशी घेऊन पाहुण्यांसमोर उभी राहिले. चहा झाला, फोटो झाला, त्या फोटोत मी आहे. मग फोन केला. तेवढ्या वेळात ती पाटात असती तर? यशश्री, मला जेवताना, केस विंचरताना, वर्गावर असताना मध्येच हे आठवतं आणि हात थांबतो.

काल आप्पांनी बोलावलं. शनिवारी पालकांची सभा आहे. मी काय बोलायचं ते त्यांनी सांगितलं. मुलगी पळते हे आईने शाळेपासून लपवलं, वर्गशिक्षिकेने हलगर्जी केली, संस्थेने वर्गशिक्षिकेला घरी बसवलं आहे, आणि मुलीच्या भल्यासाठी तिला दुसऱ्या शाळेत पाठवत आहोत.

"आईने लपवलं नव्हतं," मी म्हणाले. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"कुणाला सांगितलं होतं?"

"मला."

"मग ते तुमच्या-माझ्यात राहू द्या," आप्पा म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "तुमचं कायमचं पत्र टाइप करून ठेवलंय, बाई."

मी त्यांना हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. तिथून निघाले ती सरळ उज्वलाताईंच्या घरी गेले. जिन्यात दोनदा परत फिरले. दार ओवीच्या वडिलांनी, योगेशरावांनी उघडलं. ओवी आतल्या खोलीत पलंगाखाली बसली होती, तेव्हापासून ती बहुतेक वेळ तिथेच असते.

मी बसले नाही, उभ्यानेच सांगितलं. ती याआधीही दोनदा पाटापर्यंत गेली होती. तुम्हाला कुणी सांगितलं नाही. दाराला कडी होती, ती मी काढली आणि तिच्याबरोबर माणूस दिला नाही. आणि त्या दिवशी मी चहा होईपर्यंत थांबले.

त्या ओरडतील, मला हाकलतील, असं धरूनच गेले होते. उज्वलाताई ओरडल्या नाहीत.

"जुलैमध्ये का?" त्यांनी विचारलं. "एकदा ती घरी आली तेव्हा मोजे चिंब ओले होते. पाऊस नव्हता. मी विचारलं, ती नुसती मोजे, मोजे म्हणत राहिली. मी तिला मारलं, मॅडम. नळाखाली खेळली म्हणून मारलं."

योगेशराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की माझ्या छातीवरचं उतरेल. ते त्या बाईंच्या छातीवर गेलं.

निघताना त्या म्हणाल्या, "शनिवारी मी येणार आहे. हे तिथे बोलाल का?"

मी हो म्हणाले. शनिवार परवा आहे.

स्नेहल


नाशिक, २० फेब्रुवारी

यशश्री,

सभेत काय झालं ते तू इतरांकडून ऐकलंस, आता माझ्याकडून ऐक.

हॉल भरला होता. आप्पा मध्ये, मी त्यांच्या डावीकडे. ध्वनिक्षेपक हातात घेतला तेव्हा माझा आवाज फुटेना, लोकांना वाटलं यंत्र बिघडलं. मग मी कागद बाजूला ठेवला आणि उज्वलाताईंना सांगितलं तेच, त्याच क्रमाने सांगितलं. आप्पांनी एकदा ध्वनिक्षेपक बंद करायला सांगितलं, तो बंद झाला, मी तशीच बोलत राहिले.

तू समजतेस तसं कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक गृहस्थ उठून म्हणाले, "अशा मुलीला आमच्या मुलांत ठेवताच कशाला?" बऱ्याच माना हलल्या. मी फक्त एवढं म्हणाले की त्या मुलीला सांभाळायला माणूस दिला नाही म्हणून तुमच्या सगळ्यांच्या मुलांच्या वर्गाला कित्येक दिवस बाहेरून कडी होती. तेव्हा हॉलचा आवाज बदलला. तिसरीच्या आया उभ्या राहिल्या. त्यांनी आप्पांना प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि आप्पांच्या 'बघू'वर त्या खाली बसेनात. सोमवारी त्यातल्याच काही जणी उज्वलाताईंबरोबर शिक्षण खात्यात गेल्या.

खात्याची माणसं येऊन गेली. आता आठवड्यातून दोन दिवस विशेष शिक्षिका येते. नवसाबाई म्हणून एक बाई ओवीसाठी नेमली आहे. भिंत बांधली. ओवीला इथेच ठेवायचं की नाही, हे उज्वलाताईंनी महिनाभर ठरवलं नव्हतं. मग त्या आल्या आणि म्हणाल्या, सुधाबाई त्या वर्गावर राहणार असतील तरच. संस्थेला सुधाबाईंना परत घ्यावं लागलं.

मला मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून काढलं. कारणे दाखवा नोटीस दिली आहे, चौकशी अजून चालू आहे आणि तिचं काय होईल ते माहीत नाही. मी सहावीला गणित शिकवते. खुर्चीवर शेखर सर आहेत. ते मला व्हरांड्यात टाळतात, मग मागाहून येऊन विचारतात, "मॅडम, अमुक गोष्ट आप्पांना सांगू का?" मी म्हणते, "सांगा." त्यांचा चेहरा माझ्या तेव्हाच्या चेहऱ्यासारखा होतो.

आणि आज जे झालं त्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले.

सकाळी मी फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते. व्हरांड्यातून आवाज आला. सुधाबाईंचा. यशश्री, सुधाबाई वीस वर्षांत कधी मोठ्याने बोललेल्या मी ऐकल्या नाहीत. त्या जिवाच्या आकांताने ओरडत होत्या, "ओवी वर्गात नाही. ओवी वर्गात नाही." त्यांना कुणाचीच पर्वा नव्हती. प्रत्येक वर्गातून बाई बाहेर आल्या. शेखर सर केबिनमधून पळत आले. सहावीची पोरं माझ्या आधी मागच्या कोपऱ्याकडे धावली. नवसाबाई पाणी प्यायला वळली होती तेवढ्यात ती निसटली होती.

भिंत आहे हे माहीत असून मला तो बूटच दिसत होता. मी तिथेच दाराला धरून उभी राहिले.

ती पाण्याच्या टाकीमागे सापडली, कान दाबून, डोळे मिटून. इतक्या लोकांच्या पायांच्या आवाजाने आणखीच घाबरली होती. सुधाबाई जमिनीवर बसल्या आणि सगळ्यांना हाताने मागे व्हा म्हणाल्या. सगळे मागे झाले. शेखर सरसुद्धा.

मग ते माझ्याकडे आले. घाम आलेला. "सापडली ना," ते म्हणाले. "आता घरी कळवायचं की नको? आप्पांना विचारू का?"

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. दुकानात गर्दी असावी, मागे माणसांचे आवाज येत होते. "उज्वलाताई, ओवी ठीक आहे," मी म्हणाले. "पण आत्ता थोडा वेळ ती दिसत नव्हती. ते तुम्हाला कळायला हवं."

पलीकडे त्यांनी एका गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं.

"आज कुठे गेली होती?" मग त्यांनी विचारलं.

"टाकीमागे."

"मोजे कोरडे आहेत?"

मी जाऊन बघितलं. ओवीने पाय पुढे केले.

"कोरडे आहेत," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि गिऱ्हाइकाशी बोलायला लागल्या.

स्नेहल